निवृत्तीचा वाटा

धोंडीराम गुर्जी वारले, त्यांना आदरांजली वाहायचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन चार दिवस झाले होते. मांडव उतरला होता, मागून आणलेली पातेली ज्याची त्याला परत गेली होती, आणि त्यांची मुलगी चंद्रभागा ओट्यावर बसून आलेल्या पत्रांना उत्तरं लिहीत होती. नाशकात पंचवटीतल्या एका शाळेत ती शिकवायची. पुढच्या सोमवारी तिची रजा संपत होती. हरसूल आणि आसपासच्या पाड्यांवर तिला चंद्रभागा मात्र कोणी म्हणत नसे. गुर्जींची भागाताई, एवढीच तिची ओळख.

छत्र्या मिटत दोघेजण पायरी चढले. पुढे कारभारी, सावरपाड्याच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन, आणि मागे काळू, सोसायटीचा जुना सभासद. एरवी काळू अंगणातूनच 'वैनी, चहा टाका' म्हणून ओरडायचा. आज तो खांबाला टेकून उभा राहिला.

"बस रे," कारभारी म्हणाला.

"उभा बरा हाय."

शाळेतून रिटायर झाल्यापासून सहा वर्षं गुर्जीच सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि सगळे कागद त्यांच्याच हातचे. ते गेल्यावर वरच्या कचेरीने सभासदांची यादी मागवली, म्हणून तलाठ्याने ती कारभाऱ्याच्या ओटीवर मोठ्याने वाचली. चौदावा नंबर आला : निवृत्ती काशिनाथ, वाटा पोचला, सही. वाचता न येणारा काळू तिथेच बसला होता.

"निवृत्ती माझा धाकला भाऊ," काळू आता म्हणाला, "बहात्तरच्या दुष्काळात वापीकडं कामाला गेला तो गेलाच. आठ वरसं झाली, ना चिठ्ठी ना निरोप. मंग ही सही कोन करतं, भागाताई? भूत?"

भागाताईला उत्तर ठाऊक नव्हतं. पण कारभाऱ्याने मान खाली घातली, तेव्हा त्याला ते ठाऊक आहे हे तिला कळलं.

"निताई करतो," कारभारी हळूच म्हणाला.

निताई मालो. गावाचा बंगाल्या. एकाहत्तरच्या लढाईत तो पूर्व पाकिस्तानातून सीमा ओलांडून आला, छावणीत राहिला, आणि लढाई सरल्यावर सगळ्यांना परत धाडायला लागले तेव्हा बायकोला घेऊन वाटेतच गाडीतून उतरला. पोटामागे फिरत फिरत तो दुष्काळी कामावर पोचला आणि सावरपाड्याच्या तलावाच्या भिंतीसाठी खडी फोडू लागला. तलाव झाला, सोसायटी झाली, तो तिथेच राहिला. त्याच्याजवळ कसलाही कागद नव्हता. सोसायटीत दर घराला एक भाग होता, निवृत्तीच्या नावचा रिकामा होता; गुर्जींनी निताईला त्या नावावर सभासद दाखवलं, ते नाव गिरवायला शिकवलं, आणि पुढे त्याच नावावर त्याचं रेशनकार्डही निघालं.

"गुर्जी मला म्हनले व्हते, काळू, तुझ्या भावाची जागा मी राखून ठेवतो," काळूचा आवाज चढला. "राखली! घुसखोर भरून राखली!"

घुसखोर हा शब्द गावात नवा होता. आसामातल्या आंदोलनाच्या बातम्या लागत, तेव्हा काळूच्या रेडिओभोवती सात-आठ जण बसायचे. शब्द तिथून आला होता.

कारभाऱ्याने हात वर करून काळूला थांबवलं. "हे बघ भागाताई, बुधवारी मीटिंग हाय. तू एवढंच म्हन की बंगाल्यानं गुर्जींना फसवून सही केली. गुर्जींनी आमच्या तीन पिढ्या शिकवल्या, त्यांच्या नावाला बट्टा नको. शनिवारी माशांचं बीज आनायचं. ते त्याच्याकडनं तलावात सोडून घेऊ आन मंग ठाण्यात कळवू."

"बीज सोडून घ्यायचं. आणि मग?"

"मंग त्याला बी सोडू." कारभारी हसला. काळू हसला नाही.

ते गेल्यावर भागाताई आत आली. तिची आई विमलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आई, तुला ठाऊक होतं?"

"होतं. मला म्हणाले, एक माणूस बुडतोय आणि एक जागा मोकळी आहे. मी म्हटलं, जागा मोकळी कुठे? निवृत्तीची नवसाबाई आहे की. तर गप्प बसले."

"मग?"

"मग काय! ते गप्प बसले की त्यांचं ठरलेलं असायचं. तुझंही तसंच आहे." विमलाबाईंनी एक खडा अंगणात भिरकावला. "मी सांगते ते ऐकायचं असेल तर ऐक. त्यांना चांगलं म्हणायला गाव आहे. तू कशाला त्यांचं वाईट सांगतेस?"

भागाताई आईसमोर बसून खडे वेचू लागली. नाशकात वाचनालयातून आणून तिने अर्थशास्त्राची पुस्तकं वाचली होती. बाहेरून आलेला मजूर देशाला किती पडतो आणि देशाला किती देतो, यावर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने येत, तेही ती सोडत नसे. त्यांत लाख असत, कोटी असत, पण माणसाचं नाव कधी नसे. इथे तेवीस भागांची सोसायटी होती, प्रत्येक घर तिच्या ओळखीचं होतं. एवढं गणित तिला जमायला हवं होतं. ते मांडल्याशिवाय बुधवारी उभं राहायचं नाही, आणि उत्तर येईल ते, वडिलांना लागलं तरी, सांगायचं, असं तिने त्या दुपारी ठरवलं.

सकाळी ती तलावावर गेली. निताई काठाशी बसून अॅल्युमिनियमचे मोठे हंडे राखेने घासत होता. त्याची बायको शेफाली झोपडीच्या दारात जाळं विणत होती. भागाताईला पाहून ती आत गेली.

"माझा बायको घाबरला," निताई म्हणाला. आठ वर्षांत तो डोंगरातली मराठी सफाईने बोलायला शिकला होता, पण बाई-बाप्याचा भेद त्याच्या जिभेवर काही चढला नव्हता. पाड्यावरची पोरं त्याची नक्कल करत.

"हे हंडे बीजासाठीच ना?"

"हां."

ती गोष्ट तिने वडिलांकडून अनेकदा ऐकली होती. पहिली दोन वर्षं सोसायटीने सरकारी केंद्रातून माशांचं बीज आणलं. नखाएवढे मासे. लोकांनी हंडे भरले, तोंडाला ओलं फडकं बांधलं, ट्रकमध्ये नीट लावले आणि सांडू नये म्हणून रस्ताभर हलू दिले नाहीत. तलावावर फडकी सोडली तर पांढरी पोटं वर. शंभरातली दहा पिल्लं जगली. तिसऱ्या वर्षी निताई ट्रकमध्ये हंड्यांच्या मधोमध बसला आणि नऊ तास दोन्ही तळहातांनी पाण्यावर थापा मारत आला, आळीपाळीने, एकही हंडा न चुकवता. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पण त्या वर्षी शंभरातली सत्तर जगली.

"पाणी झोपला की मासा मेला," निताई आताही तेच म्हणाला. "माझा बाप असाच करायचा. त्याचा बाप पण."

भागाताई दगडावर बसली. "निवृत्तीला बायको आहे, हे तुला माहीत होतं?"

त्याने हंडा खाली ठेवला. "आधी नाही. गुर्जी बोलला, हे नाव गिरव. मी गिरवला. मग एका वर्षाने कळला. तेव्हा बोलायला पाहिजे होता. बोललो नाही."

"का?"

"माझा पोरगी तेव्हा चार महिन्याचा होता."

भागाताईने झोपडीच्या दाराकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "मी बुधवारी सगळं खरं सांगणार आहे. तुझं खरं नाव उघडं पडेल. पोलीस येऊ शकतील. तुला पळायचं असेल तर अजून दोन दिवस आहेत."

निताईने तलावाकडे पाहिलं. "काळू सांगणारच. काळूने सांगितला तर चोर म्हणून सांगणार. तू सांगितला तर..." पुढचा शब्द त्याला सापडला नाही. त्याने पुन्हा हंडा उचलला. "मी नाही पळत, ताई. एकदा पळालो, पुष्कळ झाला."

तिथून ती नवसाबाईकडे गेली. निवृत्तीची बायको काळूच्याच घराला लागून एका खोपटात राहायची. नाचणीची भाकरी थापता थापता तिने भागाताईला पाट सरकवला.

"ये. गुर्जी गेले, मी रडले बरं का. मंग तलाठ्यानं यादी वाचली आन मला माझंच हसू आलं."

"नवसाबाई, जाळ्याच्या विणीचं काय झालं होतं?"

"आता इचारते व्हय! सोसायटीची सगळी जाळी मी विनायची. हातभर विणीला पंच्याहत्तर पैसे. बंगालीण आली, ती चाळीसमधी विनायला लागली. चेअरमन म्हनला, स्वस्त हाय, तिच्याकडंच देऊ. तवापासून मी दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागांत जाते. चार-चार महिने तिकडंच. पाचटाच्या कोपीत." तिने भाकरी उलटली. "तुझ्या बापानं मला दोनदा मारलं बघ. एकदा वाट्यात, एकदा जाळ्यात."

भागाताईने मान खाली घातली नाही. ऐकून घेतलं.

"आन बंगालीण वाईट नाय गं," नवसाबाई म्हणाली. "मला ताप आला तवा चार दिस पेज घेऊन येत व्हती. वाईट असती तर सोपं झालं असतं. दोन शिव्या घातल्या असत्या आन मोकळी झाले असते."

बुधवारी शाळेच्या पडवीत मीटिंग भरली; गुर्जींच्या जागी इतिवृत्त लिहायचं काम भागाताईकडे आलं होतं. एकवीस सभासद आले. बायका भिंतीपलीकडे उभ्या होत्या. निताई पायरीखाली, पावसाच्या अलीकडे, उकिडवा बसला होता.

काळूने तोंड उघडलं ते थांबलाच नाही. भावाचा वाटा चार वर्षं बंगाल्याने खाल्ला. भावाच्या कार्डावर साखर खाल्ली, रॉकेल जाळलं. त्याची पोर आपल्या बालवाडीत, औषधं आपल्या दवाखान्यातली. "आज हा एक हाय. उद्या याचे धा भाऊ येतील. मंग आपण कुठं जायचं? समुद्रात?"

"रॉकेल तर तू बी दोन कार्डांवर घेतो की काळ्या!" मागून कोणीतरी म्हणालं.

"ते म्हातारीचं कार्ड हाय!"

"म्हातारी मरून तीन वरसं झाली!"

पडवी हसली. निताईलाही हसू फुटलं, मग त्याने ते आवरलं.

"हसतो बघा," काळू म्हणाला. "आठ वरसं झाली, अजून बायकोला बाप्या करतो, आन म्हनं सभासद!"

कारभाऱ्याने भागाताईकडे पाहिलं. ती उठली. तिच्या हातात कागद नव्हता.

"नाव खोटं आहे," ती म्हणाली. "निताईने फसवलेलं नाही. ते माझ्या वडिलांनी लिहिलं, सही त्यांनी शिकवली. निवृत्तीला बायको आहे हे त्यांना ठाऊक होतं."

भिंतीपलीकडे विमलाबाई होत्या. भागाताईने तिकडे पाहिलं नाही.

"आता निताईमुळे काय झालं ते सांगते. बरंही सांगते, वाईटही. तो बीज आणायच्या आधी तलावातून वर्षाला नऊ क्विंटल मासे निघायचे. गेल्या वर्षी चाळीस निघाले. वाटा एकशे दहा रुपयांचा होता, तो चारशे वीसचा झाला. शाळेतल्या पाटीवर मांडून दाखवू?"

"नगं, ठाव हाय," दोघंतिघं म्हणाले.

"त्याने वाटा घेतला, रेशन घेतलं, ते खरं. ते वजा केलं तरी बावीस घरांना फायदाच आहे. काळूभाऊ, तुम्हालाही आहे. गेल्या वर्षी पत्रे घातलेत ते तलावाच्या पैशांतून."

काळूने तोंड फिरवलं.

"पण तेविसावं घर नवसाबाईंचं. त्यांचा वाटा गेला, जाळीही गेली. फायदा बावीस घरांत थोडा थोडा वाटला गेला आणि तोटा सगळा एकाच घरावर पडला. माझ्या वडिलांनी बेरीज बघितली. ती बरोबर आली म्हणून ते खूश होते. कोणाच्या घरातून काय गेलं, ते त्यांनी बघितलं नाही. आणि उद्या आणखी दहा येतील का, ते मला सांगता येत नाही. आठ वर्षांत कोणी आलं नाही, एवढंच मला माहीत आहे."

कारभारी घसा खाकरून पुढे सरला. "झालं तर. आता वाद नको. बीज सोडेपर्यंत राहू दे त्याला, मंग बघू. लिव्ह तसं."

"नाही लिहिणार."

"का गं?"

"चेअरमन, बीज त्याच्या हाताने सोडून घ्यायचं आणि माणूस सोडून द्यायचा, हे एका ठरावात बसत नाही. ठेवायचा तर उजळ माथ्याने ठेवा, त्याच्या स्वतःच्या नावाने. घालवायचा तर आज घालवा, आत्ता, माझ्यासमोर. आणि शनिवारी हंडे घेऊन ट्रकमध्ये तुम्ही बसा. नऊ तास."

कारभाऱ्याने नकळत आपल्या तळहातांकडे पाहिलं. कोणी 'मी बसतो' म्हणालं नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून नवसाबाई आत आली. मीटिंगला बाई आत येत नसे. "मला मत नाय, मला ठाव हाय," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं मत या दादानं वापरलं. पन बोलन. चार वरसांचा वाटा मला पायजे. एकदम नसंल तर हप्त्यानं. आन जाळ्याचा दर एकच पायजे, तिला बी पंच्याहत्तर, मला बी पंच्याहत्तर. मंग कोनाला इणायला द्यायचं ते द्या. तेवढं करा, मंग राहू द्या त्याला. नाय तर मी सोता ठाण्यात जाते, काळूभाऊजींची वाट बघत नाय."

"दर वाढवला तर सोसायटीला पडतंय," एकजण कुरकुरला.

"पडू दे," भागाताई म्हणाली. "इतकी वर्षं तो एकट्या नवसाबाईला पडला."

निताई पायरीखाली उभा राहिला. पावसाने त्याची पाठ भिजली. "मी देतो. चार वर्षाचा. बीजाच्या मजुरीतून कापा."

ठराव मांडून हात वर करायला सांगितलं. निताई सभासद नाही, पण बीज आणायचं आणि सोडायचं काम त्याच्या खऱ्या नावाने त्याला, वाटा नवसाबाईला, दर एक, कार्ड परत करायचं, आणि सरकारातून कोणी विचारायला आलं तर सोसायटीने काही लपवायचं नाही, पण चेअरमनने त्याच्या बाजूने उभं राहायचं. बारा हात वर आले. विरुद्ध आठ. कारभाऱ्याने आधी बाकीचे हात मोजले आणि मग आपला, तेरावा, वर केला.

"म्हणजे पोलीस यायचेच नाहीत असं नाही," भागाताईने निताईला स्पष्ट सांगितलं. "आले तर आम्हाला खरंच सांगावं लागेल."

"हां," तो म्हणाला. "खरा सांगा."

तिने प्रोसिडिंगचं पुस्तक पुढे ओढलं. वडिलांचं शेवटचं इतिवृत्त वैशाखातलं होतं, सरळ, गोल अक्षराचं. त्याखाली एक ओळ सोडून ती लिहू लागली. चौदाव्या नंबराशी आली तेव्हा कारभारी वाकून कानाशी म्हणाला, "नोंद नजरचुकीनं झाली, असं लिव्ह. एवढ्यानं काय बिघडत नाय. गुर्जी तुझे बाप व्हते."

तिचा हात थांबला. पाऊस पत्र्यावर वाजत होता. नजरचुकीने. एकच शब्द, आणि तो कोणी खोडून काढला नसता. पण गुर्जींची नजर चुकणारी नव्हती. सगळ्या गावात लोक तेच तर सांगायचे.

तिने लिहिलं आणि मोठ्याने वाचलं : "सभासद क्रमांक चौदा यांच्या नावावर निताई मालो यांस दाखविण्यात आले. ही नोंद तत्कालीन सेक्रेटरी कालकथित धोंडीराम यांनी जाणूनबुजून केली. त्यामुळे नवसाबाई यांचे नुकसान झाले."

वडिलांच्या नावाआधी कालकथित हा गेलेल्या माणसासाठीचा शब्द तिने पहिल्यांदाच लिहिला होता.

सह्या सुरू झाल्या. काळू शेवटी आला. अंगठा शाईत बुडवून तो तसाच धरून उभा राहिला.

"इरोध लिव्ह माझ्या नावापुढं."

"लिहिलाय."

"बापाचं नाव घातलंस, जाणूनबुजून म्हनून?"

"घातलं."

"आन निवृत्तीपुढं काय घातलं? मेला म्हनून?"

"नाही. बेपत्ता."

काळूने कागदाकडे पाहिलं. त्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

"कुठं हाय ते? दाव."

तिने बोट ठेवलं. त्याने त्या शब्दाच्या बाजूला, अक्षरांना शाई लागणार नाही असा जपून, अंगठा उमटवला.

"वाच परत," तो म्हणाला. "निवृत्तीपासून वाच."

तिने वाचलं.